थुंकीनं पुसलेली पाटी

पहिले दोनशे मीटर सगळं लख्ख असतं.
सप्टेंबरचा रविवार, पाणी चौदा अंश,
पाडार्न तळ्याच्या पलीकडच्या काठावर
डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापून काढलेला,
जांभळट काळा, नुकत्याच धुतलेल्या पाटीसारखा.
सारखा कशाला, पाटीच आहे तो.
पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं तेच तर फोडत होती.

मग गॉगलवर चढतं ते.
आधी कडेला, दुधावर साय धरावी तसं,
मग मधोमध.
चेहऱ्याची ऊब आत, तळ्याची थंडी बाहेर,
मधल्या काचेनं करायचं काय बिचारीनं?
दर सहा हातांनी मान वर काढते,
नारिंगी बोया शोधते.
दिसतं ते नारिंगीच असतं,
पण कुणाचं काय असतं, देव जाणे.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते,
कायनार्व्हनमध्ये, सोमवार ते शनिवार.
अंधाऱ्या खोलीत काचा बदलत विचारते:
हे बरं, की हे?
लोक घाबरतात,
उत्तर चुकलं तर जन्मभर चुकीचं दिसेल म्हणून.
मी म्हणते, चुकीचं उत्तर नसतंच.
आज होतं.

तीनशे मीटर मी एका माणसाच्या मागे गेले,
बोया समजून.
फळीवर उभा राहून वल्हं मारत होता तो, नारिंगी जाकिटात,
आणि मी जितकी जवळ जाई तितका लांब.
मला वाटलं, आज पाण्याला ओढ फार आहे.
शेवटी त्यानंच वळून विचारलं,
बाई, तुम्हाला काही हवंय का?

काय सांगणार.
लहान मुलांचा शाम्पू लावून झाला,
डोळ्यांना न झोंबणारा. झोंबतो.
दहा पौंडांचा फवारा झाला.
कुणीतरी सांगितलं म्हणून कापलेला बटाटाही घासला;
नवरा म्हणाला, पोहायला चाललीस की भाजी टाकायला?

एलीनेडचं बरं.
बहात्तर वर्षांची, पूर्वी शाळेची बस चालवायची.
पाण्यात शिरण्याआधी गॉगलमध्ये पच्चकन थुंकते,
बोट फिरवते, तळ्यात एकदा बुचकळते,
आणि पुसत नाही.
"पुसलंस की गेलं," इतकंच म्हणते.

मला दोन उन्हाळे नाही जमलं.
जिभेशी यायचं,
आणि मिरजेच्या शाळेतल्या शिंत्रे बाई समोर उभ्या:
थुंकीनं पाटी पुसू नये, विद्या जाते.
मी दोरीला स्पंज बांधून नेणारी मुलगी,
सोबत पाण्याची इवली बाटली.
शेजारची कुसाळकर थुंकायची, फ्रॉकच्या घेरानं पुसायची,
आणि एकोणतीसचा पाढा
तिलाच यायचा.

तर आज, तळ्याच्या मध्यावर,
खाली पायांची सायकल,
तो माणूस सभ्यपणे दुसरीकडे बघतोय,
समोर अख्खा डोंगर पाट्यांचा,
आणि मी थुंकले.
आधी डाव्या काचेत. मग उजव्या.
विद्येला म्हटलं, जायचं तर जा बाई,
पण बोया दाखवून जा.

काठावरून छोटी आगगाडी शिटी देत गेली,
ती मला डब्यांसकट दिसली.
शेवटच्या खिडकीला नाक लावलेलं एक पोर,
त्याच्या श्वासानं धुरकटलेली काच,
तिच्यावर बोटानं तो काहीतरी काढत होता.
एवढ्या लांबून दिसलं नसेल.
पण दिसलं.

बोया माझ्या पाठीमागे होता.
पुष्कळ मागे.
त्याला धरून एलीनेड तरंगत होती,
आणि हात हलवत होती भलत्याच कुणाला तरी.