थाळनेर, लग्नानंतरचा नववा दिवस

योजनाचे फोटो आले प्रागहून, सकाळीच:
पूल, घड्याळ, तिच्या नवऱ्याचा मफलर.
भटू म्हणाला, चल, आपणही निघू.
शिरपूरहून मोटरसायकल, वाटेत केळीचे ट्रक,
आणि आणलं कुठे, तर थडग्यांवर.

मी हसले. हनिमूनला कुणी कबरी दाखवतं?
तो ऐकतच नव्हता. वहाणा काढून
अष्टकोनी मकबऱ्याच्या भिंतीला त्यानं वीत लावली,
मग पुढच्या भिंतीला, मग तिच्या पुढच्या,
आठही बाजू फिरून घामेजून परतला.
"करंगळीइतका बी फरक नही,"
असं म्हणाला, की जणू तो मिस्तरी
त्याच्या ओळखीतला होता
आणि मजुरी अजून द्यायची राहिली होती.

तोवर मला इतकंच ठाऊक होतं:
हा फरशी बसवतो, झोपेत दात खातो,
आणि चहा बशीत ओतल्याशिवाय पीत नाही.

दगडी फुलाच्या एका पाकळीत
कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं.
मी काडीनं पाडायला गेले, त्यानं हात धरला.
"हिनं बी काम चांगलं शे."

खाली तापी, ऊन पाठीवर घेऊन पडलेली.
मी घुमटाचा फोटो काढलाच नाही.
त्याच्या हाताचा काढला, नखांत सिमेंट,
दगडाच्या सांध्यावर टेकलेला.
योजनाला पाठवला नाही.

रात्री अंधारात पाठीवर वीत आली,
अवघडलेली, मध्येच थांबलेली.
मोज, मी म्हटलं.
इथं सगळ्या बाजू सारख्या नाहीत हं.