पट्टीवाला

सदलग्याच्या पुलाखाली, तिसऱ्या खांबाला
पांढरी पट्टी आहे, तिच्यावर काळे आकडे.
दर तासाला उतरायचं, बॅटरी मारायची, वाचायचं,
वर येऊन वायरलेसवर सांगायचं :
सदतीस चाळीस.
आधीचे पाचशे आम्ही बोलत नाही.
समुद्र तेवढा खाली आहे
हे सगळ्यांनी धरून चाललेलं.

परवा तेजपाल डबा घेऊन आला, बहिणीचा पोरगा,
नववीत, मोबाईलमध्ये नाक.
म्हणाला, मामा, एक दगड येतोय वरनं,
साठ मीटर रुंद. शेकड्याला तीन.
तीन काय?
तर म्हणे, शक्यता.
इराप्पा चहा ओतत होता, त्यानं विचारलं, "यावाग?"
तेजपालनं साल सांगितलं.
तेव्हा आम्ही दोघं रिटायर. पट्टी असेल.

मग पोरानं जे सांगितलं
ते ऐकून मी हातातली भाकरी खाली ठेवली.
लांब कुठल्या डोंगरावर माणसं रात्रभर जागतात,
ठिपका सरकला का बघतात,
लिहितात, पुढं कळवतात.
म्हणजे आमच्याच खात्यातली की!
त्यांच्यात कुणी हंगामी असतो का, विचारलं मी,
जूनला घेतलेला, ऑक्टोबरला सोडलेला?
तेजपालला ठाऊक नव्हतं.

आमच्या पट्टीवर तांबडी रेघ आहे,
हुसेन पेंटरनं मारलेली, जराशी तिरकी.
रेघेखाली दूधगंगा, रेघेवर पूर.
वर कुणी मारली असेल अशी रेघ,
आणि कुठला डबा उलटा टांगून?

एकोणीसच्या ऑगस्टात पट्टी बुडाली.
पट्टी बुडाली की आकडा नसतो,
नुसतं पाणी असतं
आणि त्याचा दळण चालल्यासारखा आवाज.
शाळेच्या भिंतीवर कोळशानं खुणा केल्या,
वीत वीत मोजून. वीत इराप्पाची, हात मोठा त्याचा.
तिसऱ्या रात्री तीन वाजता
मी उतरलो नाही.
पाय चिखल्यांनी सोललेले, डोळे मिटत होते,
मागच्या आकड्यात पाच मिळवले
आणि सांगून टाकलं.
पलीकडचा म्हणाला, "सरि."
उजाडताना बघितलं तर वीतभर जास्त.

मळ्यातल्या वस्तीवर गंगव्वा तोवर निजलेली.
माणसं निघाली, पत्र्यावरनं, बोटीतनं.
दोन म्हशी दाव्यालाच राहिल्या.
म्हशींची नोंद वेगळ्या वहीत असते.
त्या पाचाबद्दल मला कुणीच विचारलं नाही.
गंगव्वा अजून बाजारात भेटते,
"एनप्पा, बरं हाय न्हवं?" म्हणते,
मी वांग्यांचा भाव विचारतो.

तेजपाल अजून सांगत होता.
फार मागं असाच एक पडला, थोरले प्राणी संपले.
आणि जवळपास त्याच काळात इकडं
जमीन फाटून रस वाहिला,
तोच थिजून आपला काळा दगड झाला.
मी बसलो होतो त्या पायरीकडं बघितलं.
कप ठेवून ठेवून वर्तुळं उमटलेली.
म्हणजे हीसुद्धा नोंदच,
वाचायला कुणी नसताना झालेली.

आज सांजच्याला त्याचा फोन आला.
मामा, शून्य झालं. चुकतोय दगड.
मी विचारलं, बघून सांगितलं का अंदाजानं?
"बघूनच की, मामा. किती रात्री बघत होते."
कोण ते बाबा, नाव तरी कळायला पाहिजे होतं.

आता दोन वाजलेत.
काळम्मावाडीची दारं उघडल्याचा निरोप आहे.
इराप्पा घोरतोय, त्याला उठवत नाही.
पायऱ्या बुळबुळीत झाल्यात, एक हात कठड्याला.
बॅटरी मारतो.
पाणी आकड्याला लागतं, सुटतं, परत लागतं.
एवढ्यात काही वाचता येत नाही.
थांबावं लागतं.