रकाना अकरावा

रस्ते नोंदवहीतला अकरावा रकाना 'इतिहास'.
दीड बोट रुंद.
माझ्या आधीच्या तिन्ही शाखा अभियंत्यांनी
तिथं आडवी रेघ मारलीय,
एकाने तर पट्टी लावून.

रस्ता सरळगावात सुरू होतो
आणि सरळ जात नाही.
काळूच्या पुलापर्यंत उतरतो, पुलावर दम खातो,
मग ऐन-सागाच्या मधून किन्हवलीकडे,
बाजाराच्या दिवशी जरा जास्त घाईने.
नंबर दोनदा बदलला त्याचा.
आधी जिल्ह्याचा होता, मग राज्याचा झाला;
बढती मिळाली, रुंदी तीच.
मैलांचे किलोमीटर झाले त्या वर्षी
दगड उपटून जवळजवळ रोवले,
तर बैलगाडीवाले म्हणाले,
शहापूर लांब गेलं की हो!

हे मला काथोड हिलमने सांगितलं.
मैलकुली. बत्तीस वर्षं एकाच मैलावर.
त्याच्या वाट्याला सातवा:
दोन मोऱ्या, एक साकव, एकशे चाळीस झाडं,
त्यातली एकोणनव्वद त्याने
कावडीने पाणी घालून जगवलेली.
बाकीची, म्हणतो, आपली आपण आली.

इथून आधी कोळसा गेला.
भट्ट्या आमच्या, गाड्या शेटच्या.
मग गवत, गाठी बांधून, तबेल्यांना.
मुंबईच्या म्हशींनी आमचा डोंगर खाल्ला, साहेब,
दूध कुनी प्यालं ते ठाव नाय.
मग खडी आली, डांबर आलं.
रोलर आला त्या दिवशी शाळा आपोआप सुटली.

आणि हे वळण? मी विचारलं.
सातव्या मैलाच्या मध्यावर, सपाट माळावर,
ओढा नाही, खडक नाही, देवसुद्धा नाही,
आणि रस्ता एकदम डावीकडे सरकतो
कुणाला वाट दिल्यासारखा.
वरून पत्र आहे: त्रिज्या अपुरी, वळण काढावे.

काथोड तंबाखू मळत राहिला.
"तिथं खलं व्हतं. चांगुणा पष्टेचं.
भात झोडायचं राहिलेलं, दोन दिसांचं काम.
मुकादम थांबंना, ती हलंना.
मंग आमीच दोरी सरकवली.
म्हटलं, भात निघालं का सरळ करू."

मग?

"मंग रोलर आला ना."

खळं मोडलं. चांगुणा गेली.
पलीकडे आता कुंपण, विकतची हिरवळ,
'प्लॉट विकणे आहे'.
एसटी मात्र रोज सहा वेळा
त्या न झोडलेल्या भाताला वळसा घालते.
विटांचे ट्रक घालतात, वऱ्हाडं घालतात,
बाळंतिणीला नेणारी रिक्षा घालते, हळू.
मीही, जीपचा गिअर पाडून.

अकराव्या रकान्यात लिहिलं:
'कि.मी. १०/५०० येथे खळे असल्याने.'
उपविभागातून लाल शेरा आला:
सदर खळे सध्या अस्तित्वात आहे काय?

आज पाहणीला गेलो.
टेपचं दुसरं टोक धरायला काथोडचा नातू.
वळणाच्या कुशीत, कुंपणाच्या अलीकडे,
बुटाच्या टोकाने उकरलं:
मुरूम, डांबराचे जुने खपले,
एक बाटलीचं बूच,
आणि खाली करडी, चोपलेली, गुळगुळीत जमीन.
अंगठ्याने दाबली.
दबत नाही.

पोरगा म्हणाला, साहेब, लिहू का काय?
थांब, म्हटलं,
ट्रक जाऊ दे.