उलटं कोरावं लागतं

नगरपालिकेत एकोणतीस वर्षं
मी एकच शब्द उमटवला: आवक.
तारखेचं चाक रोज सकाळी एक दात पुढे,
जांभळी शाई नखात, भाकरीच्या कडेला.

घरी आल्यावर दुसरे शिक्के.
डिचोलीच्या बाजारातलं खोडरबर,
तेव्हा आठ आण्यांचं, आता दहाचं,
दाढीचं अर्धं ब्लेड आणि मान मोडेपर्यंत वाकणं.

पहिला शिक्का सुलक्षाच्या बारशाचा.
पाळणा कोरला, दोन्ही टोकांना वर वळलेला;
दोऱ्या फार बारीक, उमटल्याच नाहीत.
चाळीस कार्डं वाळत पडलेली
खाटेवर, खिडकीत, तांदळाच्या डब्यावर,
आणि रोहिदास, तिचा बाप, माझा भाऊ,
दारातूनच हसला:
“हें व्हडें गो! भुरग्याक मांडवेंत सोडटा काय?”

मग सवय लागली.
चवथीला भेंडीची चकती, आयतंच फूल;
हळदीच्या पानाला शाई लावून दाबलं की
शिरा न् शिर, आणि कागदाला
पातोळ्यांचा वास दोन दिवस.
नणंदेच्या लग्नाला अबोलीचा वळेसर.
फूल एकच कोरलेलं, सत्तावीसदा दाबलेलं,
दर वेळी शाई थोडी कमी,
म्हणून शेवटची फुलं
संध्याकाळची वाटायची.

शिक्क्याची अट एकच,
उलटं कोरावं लागतं.
काना डावीकडे, वेलांटी पाठमोरी.
सुलक्षा विचारायची, एवढीशी असताना,
“आत्या, हे असलं कोण वाचतं?”
“कागद,” मी म्हणायचे.

मग आई गेली आणि इन्व्हेंटरी लागली.
घर, कुळागर, विहिरीचा हिस्सा, तांब्याची भाणी दोन.
यादीत सगळं होतं.
कोर्टातही शिक्के असतात, गोल,
कुणाशीही ओळख नसलेले.
सदतीस माडींवरून
मी आणि रोहिदास नऊ वर्षं बोललो नाही.
बाजारात तो दिसला की
मी नारळाचा भाव दुसऱ्यांदा विचारायचे.
सुलक्षाच्या लग्नाचं कार्ड
दोन गल्ल्यांवरून पोस्टाने आलं.
छापील. सोनेरी.

यंदा त्याची साठी.
रात्री अकराला ब्लेड घेतलं.
काय कोरू? माड? शोभलं नसतं.
नुसतं नाव कोरलं, मोठ्या रबरावर,
इतकं जपून, इतकं सरळ
की सरळच कोरून बसले.
कागदावर रोहिदास
पाठ करून उभा.

दुसरं रबर होतं घरात. घेतलं नाही.
थकले होते म्हणा,
किंवा ते तसंच बरोबर होतं, म्हणा.
पाकिटात घातलं,
सकाळी पोदेराच्या हाती दिलं, पावांबरोबर.

तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी सुलक्षाचा फोन,
सातवा महिना, धाप लागलेली.
म्हणाली, बाबा न्हाणीतून बाहेर येईनात म्हणून
दार ढकललं तर
गालाला अर्धा साबण,
आरशापुढे तुझं कार्ड धरलेलं.
मग थांबली. मागे कुणी खाकरलं.
“आत्या, बारशाची कार्डं तू करशील ना?
बाबा सांगताहेत,
पाळणें नाका. व्हडेंच काड.”

जुना शिक्का सुयांच्या डब्यात सापडला.
रबर कडक, एका कोपऱ्यात तुटलेलं.
शाई लावून पाहिली वर्तमानपत्रावर.
दोऱ्या
अजूनही उमटत नाहीत.