हातचा

तट्टू शाळेच्या कुंपणाशी थांबलं तेव्हा
ऑगस्ट होता, आणि डोंगराच्या सावलीकडे अजून बर्फ.
मी शेवटच्या बाकावर बसले,
ब्लँकेट खांद्यावर पिनेनं टाचून, गुडघ्यावर वही.
एकतीस वर्षं फळ्यापाशी उभी राहून वर्ग पाहिला.
वर्गात बसून फळा पाहायची ही तिसरीच खेप.

मासेरूच्या शिबिरात बजावलं होतं :
दिसेल तेवढंच लिहा. ‘छान’ लिहू नका. ‘वाईट’ही नको.
ते सोपं वाटलं होतं, बिस्किटं खाताना.

त्सेको चोवीस वर्षांचा. टाय बापाचा असावा, फार लांब होता.
“बावन्नातून सत्तावीस गेले, किती?”
प्रश्न जमिनीला टेकायच्या आत
उत्तर त्यानंच उचललं.
मी लिहिलं : एक सेकंद.
पुढच्या प्रश्नाला : एक.
त्याच्या पुढच्याला : अर्धा.

दुसऱ्या रांगेत दिपुओ.
नावाचा अर्थ बोलणं, आणि पोर घुमी.
तिच्या वहीत पस्तीस.
“चूक. पुन्हा कर,” म्हणत तो पुढे गेला.
तिनं पुन्हा केलं. पुन्हा पस्तीस.

सुट्टीत, स्वयंपाकघराच्या मागे, धुराच्या आडोशाला
आम्ही मक्याचा घट्टा खात बसलो,
आणि माझ्या तोंडात एकतीस वर्षं
एकदम जमा झाली.

गेल्या साली खालच्या गावी हेच झालं होतं.
मान्थोना नावाची पोर. मी तिला एका बैठकीत
अकरा सूचना दिल्या, ओळीनं.
तिनं अकराही उतरवून घेतल्या, मान डोलावली.
महिन्यानं गेले तर वर्ग जिथल्या तिथे,
फक्त मला पाहून तिचा खडू मोडला.

म्हणून जीभ दाताखाली धरली आणि एवढंच विचारलं :
“दिपुओनं पस्तीस कुठून आणले असतील?”

तो गप्प.
मी मनात मोजू लागले.
तीन. चार. कोंबडी आली, गेली.
पाचाला वाटलं, सांगून टाकावं, पोराला थंडी वाजतेय.
सात.
सांगणं म्हणजे उपकारच, असं आतलं कोणीतरी म्हणालं.
नऊ.

त्यानं काटकी उचलली, मातीत बावन्न लिहिले,
खाली सत्तावीस.
“दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं
सातातून दोन काढले.”
थांबला.
“आई, मीच शिकवलंय ते.
पहिल्याच आठवड्यात. मोठ्यातून लहान काढा म्हणून.”
(मी त्याची आई नव्हे; आमच्यात हाक तीच.)
“ती चुकत नव्हती. माझं ऐकत होती.”

मग मुंडी खाली घालून, काटकीनं टाय उडवत :
“तुम्ही एवढ्या गप्प होतात, मला वाटलं रागावलात.”
“मोजत होते.”
“मला?”
“नाही रे. मला.”

दुसऱ्या दिवशी तो दिपुओच्या बाकाशी उकिडवा बसला.
टायचं टोक फरशीच्या धुळीत.
“हे कसं केलंस, मला समजावून सांग.”
पत्रा थडथडत होता, मागची पोरं चुळबुळत होती.
मी लिहिलं : अकरा.
अकरानंतर काय झालं ते लिहिलं नाही,
पेन हातातच राहिलं.
एवढंच कानावर आलं :
“शेजारच्या घरातून मागून आणलं, तर परत द्यावं लागतं का?”
आणि त्सेको, उत्तर येत असूनही,
“तुला काय वाटतं?” म्हणाला.

उतरताना तट्टू दोनदा घसरलं.
फळ्यावरचं त्याचं अक्षर मात्र
प्रत्येक ओळीत उतरणीला लागतं,
शेवटच्या आकड्यापर्यंत पार खाली जातं.
ते मी अजून सांगितलेलं नाही.
हातचं राखलंय.