अकरावा भाग

रात्री अकरा ते सकाळी सात मी पूल उचलते.
क्लीव्हलँडमध्ये, कायाहोगा नदीवर.
बोट भोंगा देते, एक लांब, एक आखूड,
मी फाटकं पाडते, खटका ओढते,
आणि रस्त्याचा एक अख्खा तुकडा सरळ वर जातो.
नोव्हेंबरात बोटी कमी.
उरलेली रात्र ऑगस्ट पेलची.

पेल हा मेलेल्यांचा डिटेक्टिव्ह.
याच शहरात राहतो, बोलिंग क्लबच्या वरच्या मजल्यावर.
खाली पिना कोसळल्या की टेबलावरची कॉफी थरथरते.
गिऱ्हाइकं बहुतेक भुतं,
त्यामुळे भाडं कायम थकलेलं.
आणि एक शाप आहे त्याला:
सूर्य बुडाला की खोटं बोलता येत नाही.
धंदा सगळा रात्रीचा.
म्हणजे बघा.

चौथ्या भागात माझा पूल आहे.
लेखकाने त्याखाली एक राक्षस बसवलाय, मिशीवाला,
टोल म्हणून लोकांची आडनावं घेतो.
राक्षसाला माझी हरकत नाही.
पण पूल त्याने दारासारखा बाजूला फिरवलाय!
आमचा पूल फिरत नाही, लिफ्टसारखा वर जातो.
आणि जिन्याला चाळीस पायऱ्या नाहीत, बासष्ट आहेत.
माझ्या गुडघ्यांना विचारा.
मी पत्र लिहिलं होतं. उत्तर नाही.
कॅझ म्हणाला, "बर्नी, राक्षस चालतो तुला, आणि पायऱ्या चालत नाहीत?"
म्हटलं, राक्षस मी मोजलेला नाही.

कारण पुस्तकं मुळात कॅझची.
म्हणजे लायब्ररीची, तीन आठवड्यांच्या बोलीवर.
पोलादाच्या कारखान्यातून सुटल्यावर त्याला हा नाद लागला.
वाचून झालं की त्रेसष्टाव्या पानावर,
आकड्याशेजारी, पेन्सिलीची बारीक फुली,
नाहीतर या वयात तेच पुस्तक पुन्हा घरी येतं.
काउंटरवरच्या मिसेस ओडमना ठाऊक होतं.
त्या खोडरबर हातात घ्यायच्या
आणि दुसरीकडे बघायच्या.
मी कुठली वाचतेय!
पुलाचं ते प्रकरणसुद्धा त्यानेच हातात कोंबलेलं.
सकाळी मी घरी आले की अंडी फोडता फोडता तो सांगायचा
कुणी कुणाला मारलं, आणि मेलेला काय म्हणाला,
आणि मी पोळलेल्या टोस्टकडे बघत हूं हूं करायचे.

तो गेल्यावर सुरू केलं. पहिल्यापासून.
फुलीमागून फुली.
नवव्यात ती तिरकी आहे.
दहाव्यात दोनदा काढलीय, हात सरकल्यासारखी.

अकरावा आमच्या शाखेत नव्हताच,
टोलीडोहून मागवला, आज आला.
पेल एका इस्पितळात बसलाय.
खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा,
अजून भूत न झालेला, विचारतो,
"सकाळ दिसेल ना मला?"
खिडकीबाहेर अंधार.
पेल तोंड उघडतो. मिटतो.
दोन पानं तो नुसती उशी सारखी करतो.

मी पुस्तक पालथं ठेवलं.

कॅझने मला विचारलं तेव्हा साडेसहा वाजले होते,
फेब्रुवारी, बाहेर मिट्ट काळोख.
"रविवारी घरी," मी म्हटलं.
जीभ जरासुद्धा अडखळली नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग खिडकीकडे पाहिलं,
मग पुन्हा माझ्याकडे,
आणि हसला. दहा भाग वाचलेला माणूस.
मला वाटलं, औषधाने हसतोय.

नदीवर भोंगा. एक लांब, एक आखूड.
मी उठले, फाटकं पाडली, रस्ता उचलला,
चुनखडी भरलेली बोट खालून गेली,
डेकवर कुणीतरी हात केला, मीही केला.
रस्ता परत खाली ठेवला.

त्रेसष्टावं पान कोरं आहे, आधीच बघून ठेवलंय.
पेन्सिल आहे इथे,
पण ती नोंदवहीला सुतळीने बांधलेली,
आणि सुतळी खुर्चीपर्यंत पुरत नाही.
वाचून झालं की पुस्तकच तिथवर न्यावं लागेल.