कोळंबीचा डबा

साडेनऊची मालिका. आज एकशे बारावा भाग.
न्यायाधीश हातोडा आपटतो.
आमच्या वेंगुर्ल्याच्या कोर्टात हातोडा नव्हताच कधी.
टेबलावर काच होती, काचेखाली बँकेचं कॅलेंडर,
आणि साहेब चिडले की पेनाला टोपण लावत. एवढंच.

बायको म्हणते, "तुमका त्यात काय गावता?"
पण मी बघतो. एकतीस वर्षं पट्टा बांधला,
दारात उभं राहून नावं पुकारली, तीन-तीनदा.
खारा वारा सुटला की तिसरी हाक विरून जायची.

मालिकेतल्या साहेबाला आज कळलंय
की शेजारच्या चेंबरात निकाल विकतात.
संगीत वाजतं. त्याचाच चेहरा दाखवतात,
डावीकडून, उजवीकडून, मग समोरून.
खरं तर असं कळताना काही वाजत नाही.
कोणीतरी चहात साखर ढवळत असतं.

पाकिटं दाखवतात, जाडजूड, खाकी.
मी पाकीट कधी पाहिलं नाही, शप्पथ.
चिरेखाणवाला पेडणेकर डबा द्यायचा,
चार कप्प्यांचा, पितळी कडीचा:
"सायबांका कोळंबी पोचव."
हँडलला अडकवून बंदराचा चढ चढताना
मला वजन कळायचं.
कोळंबी इतकी जड नसते. आणि तिला वास येतो.
वरचा एक कप्पा मात्र माझा,
त्यात खरीच कोळंबी.
मुलं बोटं चाटायची.

मग नूलकर मॅडम आल्या. बारीक चणीच्या,
दम्याचा पंप टेबलावर ठेवून निकाल सांगणाऱ्या.
जिन्यावर मला थांबवलं.
"सावळाराम, डब्यात काय आहे?"
"कोळंबी, मॅडम."
त्या बघत राहिल्या. डबा उघडला नाही.
वर अर्ज मात्र केला, दोन सह्यांविरुद्ध एकटीच्या सहीने,
आणि मे उजाडायच्या आत बदली.
सामान टेम्पोत चढवायला मीच होतो.
पंप विसरल्या म्हणून वळणापर्यंत धावलो.
"थँक्यू, सावळाराम," म्हणाल्या.

पडद्यावर आता पट्टेवाला पिंजऱ्यात उभा आहे.
नट नवखा, पट्टा उलटा बांधलाय.
साहेब विचारतात. तो तोंड उघडतो,
मीही उघडतो,
आणि हळदीची जाहिरात लागते.

बायको उठते. पिठी करायची आहे.
फळीवरून डबा काढते, कडी सरकवते.
शेवटचा तो डबा न्यायला कोणी आलंच नाही.
कुळथाचं पीठ तळच्या कप्प्यात छान राहतं, ती म्हणते.
कसलाच वास लागत नाही.